काडी

ऑक्टोबरात पहिल्यांदा आली
तेव्हा पापाच्या तिकटीपासून चारदा चुकली होती.
पाठीवर पेटी, पायांत नवी कोरी कोल्हापुरी,
टाचेला पट्टी.
"शिकलगार? व्हायोलिन डॉक्टर?"
डॉक्टर न्हाई बाई, म्हटलं, मिस्त्री.

नाव शिओरी. वय एकोणीस. गाव मात्सुमोतो,
जिथं जानेवारीत नळातलं पाणीसुद्धा गोठतं.
तिकडं उभी राहून वाजवायची,
इथं मंगळवार पेठेत बाईंच्या समोर मांडी घालून,
उजव्या घोट्यावर वाद्याचं डोकं टेकवून,
तारा उतरवून, सा-प-सा-प.
पाय बधिर होतो, म्हणाली,
पण आवाज हाडातून वर येतो.

एकतीस डिसेंबर. मी शटर अर्धं ओढलेलं.
ती वाकून आत आली, कपाळावर धूळ.
"आत काहीतरी पडलं."
हलवून बघितलं, खुळखुळ्यासारखं वाजलं.

त्यांच्यात वर्ष संपायच्या आत
घर घासूनपुसून काढतात, कोपरा न् कोपरा.
भाड्याच्या एका खोलीत घासायचं ते किती?
दुपारपर्यंत सगळं संपलं,
मग तिनं व्हायोलिन घेतलं,
चारी तारा एकदम सैल केल्या, राळेची भुकटी पुसली,
आणि आतली काडी निसटली.

करंगळीएवढी असते. सरस नाही, खिळा नाही.
वरच्या फळीचा भार, खालच्या फळीचा नेट,
दोघांच्या मध्ये नुसती उभी.
अब्बा तिला काडीच म्हणायचे.
शिओरी म्हणाली, आमच्या भाषेत कोन्च्यू,
आत्म्याचा खांब.
मी चष्मा काढून पुसला.
तीस वर्षं आत्मे बसवतोय
आणि पावतीवर लिहितोय: काडी, पन्नास रुपये.

रेहाना वरून ओरडली, पोरगी जेवली का?
पोरगी म्हणाली, आज रात्री लांब शेवया खायच्या असतात.
लांब, म्हणजे आयुष्य लांब.
दातानं पटकन तुटतात,
म्हणजे सरत्या वर्षाची पीडाही तुटते.
शेवया, आणि गोड नाहीत?
रेहानाला पटलं नाही.
ईदच्या डब्यातल्या काढल्या,
कांद्याची पात, मीठ, मिरं घातलं,
आणि नको नको म्हणत असतानाही
चिमूटभर आपली चटणी.
शिओरीच्या डोळ्यांतून पाणी आलं.
"पीडा गेली," म्हणाली, नाक पुसत.

वाकड्या सळईनं काडी उभी करायला
साडेअकरा वाजले.
तिच्या गावी आता देवळातली घंटा वाजून गेली असेल,
साडेतीन तास आधीच.
एकशे आठ टोले, माणसाच्या एकशे आठ हावा,
एकशे सात जुन्या वर्षात, शेवटचा नव्या.
इथं घंटा नाही. मग तिनं खालचा सा लावला,
डोळे मिटले, आणि एकेक गज ओढू लागली.
मोजायचं माझ्याकडं.
मी अम्मीची तसबी घेतली.

तिचे मणी नव्याण्णवच.

शंभरावा टोला आला तेव्हा बोटांना धागा लागला.
पुढचे मी भिंतीवरच्या पटाशांवर मोजले:
मोठी, मधली, गोल तोंडाची,
अब्बांची, मूठ झिजलेली...
एकशे सातला रंकाळ्याकडून सुतळी बॉम्ब,
पोरांच्या गाड्यांचे हॉर्न,
कुणीतरी गल्लीत "हॅपी न्यू इयर, भावा!"
शेवटचा गज त्यात बुडाला.
तो या वर्षातला की त्या,
तिलाही कळलं नाही, मलाही.

पैसे घेतले. पन्नासच.
पावतीवर काय लिहायचं
यावर थोडा वेळ पेन अडला.

एक तारखेलाच पोचावं म्हणून
पंचवीसलाच तिनं कार्डं टाकली होती, ब्रशनं लिहिलेली.
माझं मात्र नंतर लिहिलेलं दिसतं.
राजारामपुरीतून पापाच्या तिकटीला
यायला त्याला नऊ दिवस लागले.
लाल सूर्य, खाली थरथरती देवनागरी,
एका वेलांटीचा शाईत डाग झालेला:

काडी उभी आहे.